अमेरिकेला निघालात? आधी अर्जावर शुगर लिहा!

परदेशी जाणे ही गोष्ट आपल्या समाजात एके काळी बोटावर मोजण्याइतक्या माणसांची होती. आज तसे राहिलेले नाही. पोस्टात, रेल्वेत, बँकेत, महापालिकेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत चाकरी करून ज्यांनी पोटाला चिमटा घेत मुले शिकवली, त्यांचीच मुले आज न्यू जर्सीत, डॅलसला, सिअ‍ॅटलला नोकऱ्या करीत आहेत. घरात नातवंड आले की गावाकडच्या आईवडिलांना बोलावणे येते. मग पासपोर्ट, व्हिसाची मुलाखत, नव्या बॅगा, चटण्या, भाजणी, विहारात छोटासा निरोप समारंभ. सुके बोंबील बॅगेतून जातील की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा होते. वैद्यकीय विम्यावर दोन मिनिटेही होत नाही. तिकीट काढून देणारा एजंट म्हणतो, "काका, तिकिटाबरोबर विमाही टाकून देतो, सगळेच घेतात." काका मान हलवतात. विषय संपला!

विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो, असे आमचे म्हणणे आहे. युरोपचा विचार करणाऱ्यांना तिथला कायदाच विमा घ्यायला लावतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र विम्याची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असा सोयीचा अर्थ आपण काढतो. आणि ज्या देशात औषधोपचार जगात सर्वांत महाग, नेमक्या त्याच देशात आपली साठी-सत्तरीची माणसे कसलाही विमा न घेता किंवा एजंटने टाकून दिलेला कसलातरी कागद घेऊन सहा-सहा महिने राहून येतात. बहुतेक जण सुखरूप परत येतात हे खरे. परंतु जो येत नाही त्याच्या घराचे काय होते?

अमेरिकी सरकारच्या आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर तेथील नागरिकांना समजावण्यासाठी दोन आकडे दिलेले आहेत. मोडलेल्या पायाच्या उपचाराचा खर्च साडेसात हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि रुग्णालयातील तीन दिवसांच्या मुक्कामाचा सरासरी खर्च सुमारे ३० हजार डॉलर येतो. डॉलरचे ८५ रुपये धरले तरी हे तीन दिवस साडेपंचवीस लाखांचे होतात. एखाद्या मुख्याध्यापकाची ग्रॅच्युइटी किती असते? फंडाचे किती येतात? ज्याच्या घरात चार पिढ्यांची जमीन, वाडा, दुकान आहे तो असा धक्का कसाबसा सोसेल. आपल्या लोकांची संपत्ती ही पहिल्याच पिढीची आहे. तिच्यामागे दुसरे काही नाही. मुलाच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज, इकडे फ्लॅटचे कर्ज. तीन दिवसांच्या मुक्कामात चाळीस वर्षांची चाकरी वाहून जाऊ शकते. म्हणूनच या विषयावर एवढे सविस्तर लिहावेसे वाटले.

काही जण म्हणतात, तिकडे कायदाच आहे, रुग्णाला दारातून परत पाठवत नाहीत. बरोबर आहे. १९८६ च्या कायद्याने तेथील आपत्कालीन विभाग असलेल्या जवळपास सर्व रुग्णालयांना, पैसे असोत वा नसोत, आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पण तो कायदा बिल माफ करीत नाही. उपचार होतात आणि काही आठवड्यांनी पाकिटे येऊ लागतात. रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, रुग्णवाहिकेचे वेगळे! तेथील सरकारची ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही योजना पाहुण्यांना लागू नाही. आपल्याकडचे जन आरोग्य योजनेचे किंवा आयुष्मानचे कार्ड तिथे दाखवून उपयोग नाही. बँकेच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये नाव असले तरी तो साधारणतः भारतातल्या रुग्णालयापुरताच असतो. तेव्हा प्रवासाचा वेगळा विमा घ्यायचा, यात दुमत नको. प्रश्न आहे तो कोणता आणि कसा घ्यायचा हा.

येथे सर्वांत मोठी गफलत होते ती अर्ज भरताना. अर्जात विचारलेले असते, मधुमेह आहे का? रक्तदाब आहे का? हृदयविकार, मूत्रपिंड, दमा? कोणत्या गोळ्या चालू आहेत? एजंट विचारतही नाही, परस्पर सगळीकडे 'नाही' लिहून टाकतो. विचारलेच तर सल्ला देतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." आणि आपली माणसेही म्हणतात, "गोळीने नॉर्मल असते, मग आजार कसला?" अहो, गोळी चालू आहे म्हणजेच आजार आहे. रोज सकाळी उपाशीपोटी जी गोळी घेता ती विमा कंपनीच्या दृष्टीने तुमच्या शरीराचा इतिहास आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत प्रत्येकाने माहीत करून घ्यावेत. पहिला २००९ सालचा. भारतातल्याच मेडिक्लेमचे प्रकरण होते. विमा घेणाऱ्या व्यक्तीला मधुमेह होता, मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता आणि अर्जात त्याचा उल्लेख नव्हता. न्यायालयाने सांगितले की, असा आजार लपवणे म्हणजे महत्त्वाची बाब दडवणे होय. कंपनीने दावा नाकारला ते योग्यच केले. कुटुंबाच्या हाती काही आले नाही.

दुसरा निकाल डिसेंबर २०२१ चा, आणि तो तर थेट परदेश प्रवासाच्या विम्याचाच आहे. एक गृहस्थ २००९ साली नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांना मधुमेह होता. त्यांनी अर्जात तसे कळवले, कंपनीने त्यांची वैद्यकीय तपासणी करवून घेतली, अहवाल पाहिला आणि मगच पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. हृदयविकाराचा झटका! अँजिओप्लास्टी झाली, तीन स्टेंट बसले. बिल दोन लाख डॉलरच्या वर. कंपनीने हात वर केले. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आधीपासून होते, सांगितले नाही, असे म्हणून दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला फटकारले. मधुमेह अर्जावर आहे, तुम्ही तपासणी करून धोका मोजलात, हप्ता घेतलात, पॉलिसी दिलीत. आता त्याच आजाराकडे बोट दाखवून पाठ फिरवता येणार नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे. दावा आणि त्यावर व्याज देण्याचा आदेश झाला.

या माणसाला न्याय मिळायला बारा वर्षे लागली हे आम्ही विसरत नाही. बारा वर्षे खटला लढवणे सगळ्यांना परवडत नाही. पण तो जिंकला कशाच्या जोरावर? अर्जावरच्या एका शब्दाच्या जोरावर. तो शब्द त्याने लिहिला नसता तर सर्वोच्च न्यायालयही काही करू शकले नसते. एजंटच्या सांगण्यावरून आपण जी 'नाही'ची खूण करतो, तिथे आपण हप्त्याचे हजार-दोन हजार वाचवत नसतो. संपूर्ण पॉलिसीच पोकळ करीत असतो. पुढे जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले, त्याचा शुगरशी संबंध नसला, तरी कंपनी जुनी कागदपत्रे मागवते आणि भांडणाला जागा मिळते. म्हणून अर्ज स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या बारावीच्या पोराला बसवा. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या, ऑनलाइन भरला असेल तर छापून घ्या आणि घरी ठेवा.

आता खरी गुंतागुंत. आजार सांगितला म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळेलच असे नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सांगणे हे आपले कर्तव्य. त्याला विमा लागू आहे की नाही हे पॉलिसीतला मजकूर ठरवतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास पॉलिसींत आधीपासूनच्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. काहींत जिवावर बेतले असेल तरच, आणि तेही प्रकृती सावरेपर्यंतच, काही मर्यादेत खर्च मिळतो. नेहमीची तपासणी, नेहमीच्या गोळ्या, भारतात परत येईपर्यंत थांबवता येण्याजोगी शस्त्रक्रिया, यातले काहीही नाही. अमेरिकेतल्या कंपन्या पाहुण्यांसाठी जे विमे विकतात त्यांत 'अक्यूट ऑनसेट' असा एक शब्दप्रयोग असतो. जुना आजार पूर्वसूचना न देता एकाएकी उसळला आणि साधारण २४ तासांत उपचार घेतले, तरच खर्च मिळतो. छातीत आठवडाभर दुखत होते आणि मग रुग्णालयात गेलो, असे कागदावर आले की हा लाभ गेला! शिवाय वय सत्तरच्या किंवा ऐंशीच्या पुढे असेल तर ही रक्कम फार कमी होते किंवा नाहीशीच होते. तेव्हा एजंटला पहिला प्रश्न विमा किती लाखांचा हा विचारू नका. "माझ्या बीपीमुळे झटका आला तर या पॉलिसीत किती डॉलर मिळतात, ते ओळीवर बोट ठेवून दाखवा," असे म्हणा. जो दाखवू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मोठ्या आकड्याचा मोहही असाच. जाहिरातीत पाच लाख डॉलर लिहिलेले असते. आत पाहावे तर साठीच्या पुढच्यांसाठी खोलीचे भाडे रोज इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूलतज्ज्ञाला इतके, रुग्णवाहिकेला इतके, असे प्रत्येक कप्प्यावर कुलूप! यालाच सब-लिमिट म्हणतात. तिजोरी मोठी आणि किल्ली लहान. अशा पॉलिसीत पाच लाख डॉलर कधीच खर्च होत नाहीत; रुग्णालय दहा मागते, पॉलिसी दोन देते, आठ तुमचे. अमेरिकेतल्या स्वस्त 'फिक्स्ड' योजना याच जातकुळीच्या. त्याऐवजी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात त्या योजनांत सुरुवातीची ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरायची. मग अनेक योजनांत पहिल्या पाच हजार डॉलरपैकी ८० टक्के कंपनी देते आणि त्यापुढे विम्याच्या मर्यादेपर्यंत सगळे तीच भरते. हप्ता जास्त पडतो. पण आमचे स्पष्ट मत आहे की, रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, सब-लिमिट नको. दोन लाख डॉलरचा मोकळा विमा पाच लाखांच्या बंदिस्त विम्यापेक्षा चांगला.

भारतातली कंपनी घ्यावी की अमेरिकेतली? दोन्हींकडे बाजू आहेत. भारतातल्या कंपनीशी वाद झाला तर तक्रार इथे करता येते, आपल्या भाषेत बोलता येते, ग्राहक आयोग जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या कंपनीची पॉलिसी तिथल्या रुग्णालयांना ओळखीची असते, पण भांडण तिकडेच. साठीच्या आतले, कसलीही गोळी चालू नसलेले जोडपे असेल तर इथली सब-लिमिट नसलेली पॉलिसी पुरेशी वाटते. बीपी-शुगर असेल, वय ६५ च्या पुढे असेल, तर मुलाला तिथली कॉम्प्रिहेन्सिव्ह योजना शोधायला सांगावी, मात्र अक्यूट ऑनसेटची ओळ वाचून. इथली पॉलिसी घ्यायची तर विमानात बसण्याआधीच घ्यावी, आणि मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी. मुदत संपल्यावर दोन दिवसांनी आठवण येऊन उपयोग नसतो.

एजंट बहुतेक वेळा रंगवून सांगतात ते सामान हरवण्याचे संरक्षण. विमानाला उशीर, बॅग हरवली, पासपोर्ट गेला. ठीक आहे, असावे. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते आणि ती बोट महायुद्धात बुडवली गेली. तेव्हा थॉमस कुक कंपनीकडून मिळालेल्या ६०० रुपयांच्या भरपाईची नोंद चरित्रात आहे, आणि हलाखीच्या त्या काळात ते पैसे कामी आले. परंतु बॅग गेली तर बॅग जाते. सामानाच्या कलमावर भाळून आरोग्याचे कलम न वाचणे म्हणजे चपला सांभाळून पाय गमावणे झाले.

तिथे गेल्यावर आजारी पडलात तर काय, हे मुलाने आणि सुनेने आधीच ठरवून ठेवले पाहिजे. पॉलिसीवरचा मदतकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक फ्रिजवर चिकटवा. रुग्णालयात भरती झाल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत त्यांना कळवायचे असते, नाहीतर तेवढेच निमित्त होते. छातीत दुखणे, अर्धांगाची लक्षणे, श्वास कोंडणे अशा वेळी पैशाचा विचार न करता ९११ फिरवावा. मात्र ताप, जुलाब, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यासाठी थेट इमर्जन्सीत जाऊ नये. तिथे 'अर्जंट केअर' नावाची छोटी केंद्रे असतात, त्यांचा खर्च इमर्जन्सीच्या मानाने बराच कमी असतो. सहा महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्याव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण इथले ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा तिकडे ॲसिटामिनोफेन या नावाने विकले जाते! एवढे करूनही मोठे बिल आलेच तर लगेच क्रेडिट कार्डाने भरून टाकू नये. एकेक बाब दाखवणारे तपशीलवार बिल मागावे. तिथल्या ना-नफा रुग्णालयांना, करसवलत हवी असेल तर, गरजूंसाठी आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. मागितल्याशिवाय ते कोणी हातावर ठेवत नाही. मागायला लाज कसली?

मृत्यूचा उल्लेख प्रवासाच्या वेळी अशुभ मानतात. आम्ही शुभ-अशुभ मानत नाही म्हणून लिहितो. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, किती आहे, हेही पाहावे. तो खर्चही हजारो डॉलरचा असतो आणि त्या वेळी मुलगा हिशेब करण्याच्या अवस्थेत नसतो.

इतर देशांविषयी थोडक्यात. युरोपातील २९ शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह विमा लागतो. त्यापेक्षा कमी असेल तर अर्ज अडतो. कॅनडात मुलांकडे दीर्घकाळ राहण्याचा सुपर व्हिसा हवा असेल तर किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा दाखवावा लागतो. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्यांकडून आरोग्य अधिभार घेतला जातो, विद्यार्थ्यांसाठी तो २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे. परदेशी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मंजुरीपत्रात वैद्यकीय विम्याचा हप्ता समाविष्ट आहे का ते पाहावे; केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत तो धरलेला आहे. कित्येकांना ते ठाऊक नसते आणि पदरचे पैसे जातात.

आणि ज्यांना कोणी निरोप समारंभ करीत नाही त्यांचे काय? कोकणातून, मराठवाड्यातून आखातात गवंडीकाम, सुतारकाम, चालकाची नोकरी करायला जाणारा आपला बांधव. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का असतो, आणि ठरलेल्या देशांत नोकरीला जाताना त्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. ही सरकारी योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आणि त्यावर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. एवढ्या थोड्या पैशांत मिळणाऱ्या या विम्याचा कागद अनेकांनी पाहिलेलाही नसतो, कारण तो भरती करणाऱ्या एजंटच्या फायलीत राहतो. घरच्यांकडे त्याची प्रत नसेल तर दावा करायचा कशाच्या आधारे? रुग्णालयाच्या खर्चाचे संरक्षण मात्र यात तुटपुंजे आहे, तेव्हा मालकाने करारात उपचाराचा खर्च लिहिला आहे का, ते निघण्यापूर्वी पाहावे.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये विमा हा शासनाच्याच मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले होते. ते झाले नाही. विमा व्यवसाय २००० सालापासून पुन्हा खासगी कंपन्यांना खुला झाला आणि आता बाजारात डझनावारी पॉलिसी आहेत. बाजारात ग्राहकाला वाचता आले पाहिजे, विचारता आले पाहिजे आणि भांडताही आले पाहिजे.

भांडायचे कुठे? भारतातल्या कंपनीने दावा नाकारला किंवा कमी दिला तर आधी त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नकार आला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. सोबत पॉलिसी, बिले, डिस्चार्जचा कागद, नकाराचे पत्र, आणि आपण स्वतः वाचून सही केलेल्या त्या पहिल्या अर्जाची प्रत.